मुरुडची यादी

मुरुडला जायचं नक्की झालं त्या दिवशी माझी यादी बेचाळीस ओळींची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती सत्तावन्नवर गेली. बहुतेक ओळी मी लेकीच्या खोलीत बसून लिहिल्या. तिची दहावीची परीक्षा चालू होती. ती टेबलाशी वाचत बसायची, मी पलंगाच्या कडेला माझं काहीतरी घेऊन बसायचे. बोलायचं नाही, एवढा एकच नियम, आणि तो तिने केलेला होता.

मी आमच्या खोपोलीशेजारच्या साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, बावीस वर्षं झाली. माल रॅकवरून खाली काढला की यादीत त्याच्यापुढे एक तिरकी रेघ मारायची. तिला आम्ही अर्धी टिक म्हणतो. तोच माल गेटवर मोजून गाडीत चढला की त्या रेघेला दुसरी रेघ जोडायची, मग ती पूर्ण टिक. घरीही माझी हीच पद्धत आहे. चार रकाने: काय, किती, कोण, कधी. नवरा म्हणतो, "आमच्या घरात मीठसुद्धा गेटपास दाखवून आत येतं." म्हणू दे. आमच्या सहलीत टॉर्च विसरली किंवा चाकू राहिला, असं कधी झालेलं नाही.

आम्ही सहा जण जाणार होतो. मी, नवरा, लेक, पुण्याचे दीर, जाऊ आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. 'कोण' या रकान्यात प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही होतं. सहा वर्षांच्या पोरीकडेही फ्रिसबी आणि बादली होती. फक्त जावेपुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. फोनवर तिला म्हटलं, "तू काही आणू नकोस गं, सगळं आहे."

"बरं झालं ताई," ती म्हणाली. "मला नायतरी काय सुचत नाय."

हे मी मुद्दाम केलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही कर्जतला नदीवर डबे घेऊन गेलो होतो. मी चौदा माणसांचं जेवण केलं होतं, पत्रावळ्यांपासून दातकोरणीपर्यंत. तिने वर्तमानपत्रात गुंडाळून गाभुळलेल्या चिंचा आणि मीठ-तिखटाची पुडी आणली होती. आज कुणालाही त्या सहलीबद्दल विचारा, चिंचांबद्दल सांगतील.

तर स्पष्टच लिहिते. मला माझ्या जावेचा हेवा वाटतो. ती खालापूरच्या बाजूच्या गावातली. पुण्यात बारा वर्षं राहूनही तिचं 'हाय-नाय' गेलेलं नाही, आणि तिला ते घालवायचंही नाही. तिच्या घरात कांदे सोफ्याखाली असतात आणि कपाटाचं दार बंद होत नाही, कारण आतली साडी बाहेर आलेली असते. मी वाढले भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये. भोंगा झाला की वडील निघायचे, भोंगा झाला की यायचे, आमचं जेवणही त्या भोंग्यावर. मला वाटायचं, घर असंच चालतं आणि घर चालवणाऱ्या बाईवर माणसं त्यासाठी प्रेम करतात. जाऊ घरात आली तेव्हा कळलं की लोक माझ्याकडे जेवतात आणि गप्पा तिच्याशी मारतात. एवढं मी सोसलं असतं. पण तीन-चार वर्षांपासून माझी लेकही त्या लोकांत सामील झाली.

जानेवारीत एकदा लेक म्हणाली होती, "आई, अकरावीला पुण्याला गेले तर?" मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. मी मनात खोपोलीचंच कॉलेज धरून ठेवलं होतं. त्यानंतर तिने विषय काढला नाही, पण काकीला फोन करताना ती गच्चीवर जायला लागली.

परीक्षा संपली होती आणि एप्रिलमधल्या जयंतीसाठी नवऱ्याच्या मंडळाच्या बैठका अजून सुरू व्हायच्या होत्या, त्या मधल्या शनिवार-रविवारी आम्ही निघालो. दीर-जाऊ आदल्या दिवशीच खोपोलीला आले होते. निघायची वेळ साडेसहा. सहा वीसला मी पिशवी क्रमांक अकरा गेटवर नेली आणि वर येऊन बघते तर लेक जमिनीवर बसलेली, जाऊ तिच्या मागे, आणि वेणी चाललेली. सातवीपासून माझ्या लेकीने मला तिच्या केसांना हात लावू दिलेला नाही.

"किती गुता केलास गं," जाऊ म्हणत होती. "यात चिमणी अंडी घालंल."

लेक हसत होती. मला बघून म्हणाली, "आई, निघायच्या आधी दोन मिनिटं बोलायचंय."

"निघायच्या आधी दोन मिनिटं कुणाकडे असतात?" मी म्हटलं आणि पाण्याचा कॅन उचलला.

आम्ही सात दहाला निघालो.

सात सीटची गाडी भाड्याने घेतली होती, चालवणार नवरा. बसण्याचा तक्ता मी केला होता. दर तासाला जागा बदलायच्या, म्हणजे कुणालाच पूर्ण वेळ मागे बसावं लागणार नाही. पहिल्या तासाला मागे जाऊ आणि लेक. पेणच्या पुढे तास भरला.

"बदला," मी पुढून म्हटलं.

कुणी हललं नाही. आरशात बघितलं तर लेक झोपली होती, डोकं जावेच्या खांद्यावर, तोंड उघडं.

"ऱ्हाऊ दे ना ताई," जाऊ कुजबुजली. "परीक्षेची झोप हाय ती."

परीक्षेची झोप. परीक्षा महिनाभर माझ्या घरात झाली होती. मी तक्ता पर्समध्ये ठेवला आणि वडखळचा पूल येईपर्यंत बाहेर बघत बसले. दिरांनी विचारलं, "वहिनी, गाडी लागतेय का?" मी म्हटलं, "नाही."

पोयनाडच्या पुढे जावेने गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगल्या होत्या. माझ्या यादीत कांदे होते, दोन किलो, क्रमांक चोवीस. तिने एक माळ घेतली, गाडीत बसल्या बसल्या एक कांदा बुक्कीने फोडला आणि सगळ्यांना एकेक पाकळी दिली. माझ्याकडच्या मेथीच्या ठेपल्यांवर ती पाकळी ठेवून सगळे खायला लागले.

"भाऊजी, गोड हाय का नाय?"

"साखर आहे साखर," माझा नवरा म्हणाला. ठेपल्यांबद्दल तो काही म्हणाला नाही. ठेपल्यांना मी पहाटे चारला उठले होते.

रेवदंड्याला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा लेक माझ्याजवळ आली. "आई, बोलायचंय म्हटलं होतं ना."

"मुरुडला पोहोचल्यावर. आत्ता तू पुढे बस, मी मागे."

काशीदला चहाला थांबलो. ती पुन्हा आली, ग्लास हातात घेऊन. तिच्या कपाळावरची वेणी, ती जावेने घातलेली बारीक वेणी, वाऱ्याने जराही विस्कटली नव्हती.

"आई, एक मिनिट..."

"तुझ्या काकीला सांग ना," मी म्हटलं. "ती ऐकते."

तिने चहा संपवला. मग ग्लास ठेवून परत गेली. मी ग्लास मोजले. सहा.

मुरुडला आम्ही साडेबाराला पोहोचलो. घरगुती उतारा होता, नारळाच्या वाडीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर वापरायची मुभा. जेवण, झोप, चहा, सगळं वेळेवर झालं. वेळापत्रकात पुढे होतं: 'समुद्र, चार ते सहा.' कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत, टॉवेल प्रत्येकी एक, पाय धुवायला पाण्याच्या दोन बाटल्या. चार वाजता आम्ही सगळे कपडे बदलून, चटया घेऊन किनाऱ्यावर उभे राहिलो.

समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब, एका चकचकीत रेघेसारखा. मधे नुसती ओली काळपट वाळू, डबकी, आणि त्यात उभे बगळे. सहा वर्षांची पोर बादली घेऊन म्हणाली, "मोठी आई, पाणी कुठंय?"

आम्ही घाटाखालची माणसं. आमच्याकडे पाणी म्हणजे नदी. उन्हाळ्यात आटते, पावसात येते, पण दुपारी चारला उठून निघून जात नाही. सत्तावन्न ओळी लिहिताना समुद्राचंही वेळापत्रक असतं, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. गाडीचं पीयूसी बघितलं होतं, भरती-ओहोटी बघितली नव्हती.

"वहिनींनी बोलावलं होतं, पण पाहुणा आलाच नाही," दीर म्हणाले. नवरा हसला. लेकही हसली आणि माझ्याकडे बघून लगेच थांबली. ते थांबणं मला जास्त लागलं.

जाऊ तोवर चपला हातात घेऊन खाडीच्या तोंडाकडे गेली होती. तिथे दोन बायका उकिडव्या बसून विळ्याने वाळू उकरत होत्या. ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसली, काहीतरी विचारलं, मोठ्याने हसली आणि तिथूनच ओरडली, "ए चला रं सगळी! पानी उद्या धा-अकराला येनार हाय. आता तिसऱ्या हायत!"

सगळे धावले. माझा नवरासुद्धा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. मी म्हटलं, "मी सामान बघते." कुणी 'तू पण ये' म्हटलं नाही. आता आठवते तेव्हा वाटतं, लेकीने म्हटलं असेल, वाऱ्यात ऐकू आलं नसेल. पण मला ऐकू आलं नाही, हे खरं.

मी चटईवर बसले. सहा चपलांचे जोड, म्हणजे पाच, एक जावेच्या हातात. लांबून दिसत होतं: जाऊ वाळूवरची बारीक भोकं दाखवतेय, लेक तिथे बोटं खुपसतेय, तिसरीचा एकेक शिंपला वर काढून ओरडतेय. तिच्या कपड्यांना चिखल लागत होता. माझ्या हाताखाली ती कधी चिखलात गेली नव्हती. ती चिखलात जाईल, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

ती ओली होऊन येईल म्हणून मी तिचा टॉवेल काढायला तिची सॅक उघडली. टॉवेलाखाली वही होती. वही मी उघडली, हे लपवण्यात अर्थ नाही. वरच्या पानावर मथळा होता, 'पुणे.' खाली चार रकाने. काय, किती, कोण, कधी.

माझ्यासारखीच आखणी, माझ्यासारखीच पट्टी लावून मारलेली रेघ. एक, चादरी, दोन. दोन, उशी. तीन, कॉलेजचे अर्ज. दहावीचा दाखला, फोटो, छत्री, लिंबाचं लोणचं. काहींच्या पुढे अर्धी टिक. म्हणजे तिच्या मनाने तो माल रॅकवरून उतरवलेला होता. पंधरावी ओळ शेवटची होती: 'आईला सांगणे.' कोण: 'मी.' कधी: 'खोपोली', खोडलेलं. 'रेवदंडा', खोडलेलं. 'काशीद', खोडलेलं, दोन वेळा, कागद जरा फाटेपर्यंत. त्यापुढे प्रश्नचिन्ह. आणि समासात बारीक अक्षरात: 'काकी म्हणते आधी आई, मग बाकी सगळं.'

ती जाणार, याचं दुःख मला त्या क्षणी झालं नाही. ते नंतर झालं. त्या क्षणी डोक्यात एकच गोष्ट होती, की काकीला माहीत आहे. माझ्या घरातल्या मालाची मला सोडून दुसऱ्याकडे नोंद आहे.

तेवढ्यात जाऊच आली, ओढणीच्या झोळीत तिसऱ्या घेऊन.

"ताई, पिशवी हाय का एखादी?"

"चार आहेत." मी वही झाकली नाही. "तुला कधीपासून माहीत आहे?"

तिने वही बघितली. तिसऱ्या हळूच चटईवर ओतल्या आणि बसली.

"जानेवारीपासनं."

"मला सांगता आलं नाही?"

"मी? आनि मंग तुमी काय म्हनाला असता? हिनंच पोरीला फूस लावली."

मी अगदी तेच म्हणाले असते. त्याच शब्दांत.

"तिला मी रोज सांगते, आधी आईशी बोल," ती म्हणाली. "ती म्हनते, आईचं सगळं भरलेलं असतं. आनि खरं सांगू का, ताई? मला भीती वाटते. आमच्या घरात टॉवेल कुठं हाय ते मला माहीत नसतं. तुमची पोर माझ्याकडं ऱ्हायली नि काय कमी-जास्त झालं, तर तुमी मला जन्मभर खोडून टाकाल."

मी तिला पिशवी दिली. तिने तिसऱ्या भरल्या. मी वही सॅकमध्ये होती तशी ठेवली, टॉवेल वर.

संध्याकाळी जावेने तिसऱ्यांचं सुकं केलं. बोटं चाटून खाल्लं सगळ्यांनी. माझ्या नवऱ्याने तीन वेळा घेतलं आणि तीन वेळा तिचं कौतुक केलं. मसाला माझा होता, क्रमांक एकतीस. चांगलं झालं होतं, हे मी इथे लिहिते; तिथे म्हटलं नाही.

झोपण्याआधी मी दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक नव्याने लिहिलं. समुद्र, साडेदहा. त्याच्यावर एक ओळ घातली.

सकाळी सातला लेकीला उठवून किनाऱ्यावर नेलं. पाणी चढायला लागलं होतं, अजून लांब होतं. ती डोळे चोळत म्हणाली, "हे शेड्यूलमध्ये आहे?"

"आहे. सात ते साडेसात. तू आणि मी. बोल."

तिने पायाने वाळू उकरली. मग म्हणाली, "मला अकरावीला पुण्याला जायचंय. काकीकडे राहून."

"कॉलेज चांगलं आहे म्हणून?"

"ते आहेच." ती थांबली. "आई, रागावू नको. इथे मी काही ठरवायला घेतलं ना, की तुझी यादी आधीच झालेली असते. काकीकडे काहीच झालेलं नसतं. तिथे माझं मलाच लक्षात ठेवावं लागतं."

मला रागच आला. आयुष्यभर मी जे केलं ते तिच्या अडचणीचं होतं, आणि जाऊ जे करत नाही ते तिच्या उपयोगाचं. असा हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता: एका बाईच्या न केलेल्या कामांचा.

"दोन चादरी पुरणार नाहीत," मी म्हटलं. "तीन घे. पुण्याला पावसात वाळत नाहीत."

ती 'बरं' म्हणाली. मग वळली. "तू वही वाचलीस?"

"टॉवेल शोधत होते."

"आई!"

"आणि रेनकोट राहिलाय."

ती चिडली, मग तिला हसू आलं, मग ते दोन्ही एकदम झालं आणि तिने तोंड फिरवलं. सॅक तिच्याकडे होतीच. तिने वही काढली, पंधराव्या ओळीपुढे तिरकी रेघ मारली आणि पेन उचलून थांबली.

"अर्धी का?" मी विचारलं.

"मी सांगितलं. तू अजून हो म्हटलेलं नाहीस."

ही पद्धत मीच तिला शिकवली होती. मी पाण्याकडे बघितलं, ते येत होतं. मी "हो" म्हटलं. तिने दुसरी रेघ जोडली आणि सोळावी ओळ लिहिली: 'रेनकोट.'

साडेदहाला समुद्र वेळेवर आला. सगळे पाण्यात गेले. मीही गेले, गुडघ्यापर्यंत.

जूनमध्ये आम्ही तिला पुण्याला सोडायला गेलो. जावेच्या हातात मी एक कागद दिला. ती म्हणाली होती, "ताई, मला बी एक यादी द्या, तुमच्या हातची." सत्तावीस ओळी झाल्या. चहा किती साखरेचा, डोकं कोणत्या तेलाने दुखतं, पोट बिघडलं की काय, कोणत्या मैत्रिणीचं नाव काढायचं नाही. जावेने तो कागद फ्रिजवर लावला. तिथे आधीच विजेचं बिल आणि एक चित्र लटकत होतं, त्यांच्यावरच.

एक गोष्ट मी त्यात लिहिली नाही. पेपरच्या आदल्या दिवशी लेक जेवत नाही. तिला 'जेव' म्हणायचं नाही. दहीभाताची वाटी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायची आणि त्याच खोलीत आपलं काहीतरी काम घेऊन बसायचं, न बोलता. तासाभराने वाटी रिकामी असते.

पहिली चाचणी परीक्षा ऑगस्टमध्ये आहे. जावेचा फोन येईल, "ताई, पोर जेवत नाय, काय करू?" तेव्हा मी सांगेन. किंवा गाडीत बसून स्वतःच जाईन, खोपोलीहून दीड तास लागतो. तोवर ती ओळ माझ्याकडे आहे. स्टोअरमध्ये असं करणाऱ्या माणसाला मी नोटीस दिली असती.